सात आसरा, नऊ झाडं

आंघोळ झाली की उज्ज्वला बोलायची थांबायची. नदीवर जाऊन साती आसरांना पाणी घालेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे. हा नेम तिला सासूनं दिलेला. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं हातात तांब्या दिला आणि सांगितलं, पाणी घालायच्या आधी जीभ विटाळायची नाही. पुढं पोरं झाली, सासू गेली, दुष्काळात बिंदुसरा नदी कोरडी ठाक पडली तेव्हा घरच्या हंड्यातलं पाणी नेलं, पण नेम चुकला नाही. गाव त्याला सरावलं होतं. सकाळी तांब्या घेतलेली उज्ज्वला दिसली की कुणी तिला काही विचारत नसे. सिदू मेंढक्या तेवढा वाटेत उभा राहून म्हणायचा, "बाई गप हायत तवर माझं गाऱ्हाणं सांगून घेतो. मागून त्या उपदेश करत्यात, मंग माझा नंबर लागत न्हाई."

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. गावाखाली नदीच्या मळईत, काठच्या गाळाच्या पट्ट्यात, एक जुना उंबर होता, त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेले सात गोटे एका ओळीत बसवलेले होते. नारळाएवढे. कुणी बसवले ते कुणाला माहीत नव्हतं. उंबराच्या आजूबाजूला आणखी आठ जुनी झाडं होती, करंज, सादडे, एक जांभळीचं. त्यांच्या बुंध्याला दोन माणसांची कव पुरत नसे. एकेकाळी म्हणे इथं दिवसाही अंधार असायचा. आता मधल्या जागेत वेडी बाभूळ माजली होती आणि पुरानं आणलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या तिच्या काट्यांना लटकत होत्या.

तो पूर गेल्या वर्षीचा. रामकिसन, उज्ज्वलाचा नवरा, म्हैस सोडायला गोठ्यात गेला तो परत आला नाही. पाणी उतरलं तेव्हा तो मळईतल्या मोठ्या करंजाच्या मुळ्यांत सापडला. मुळ्यांनी त्याला धरून ठेवला होता. वरच्या गावचे दोघं वाहून गेले ते सापडलेच नाहीत. त्यांच्या घरच्यांना दर्भाचा पुतळा करून जाळावा लागला. उज्ज्वलाला निदान माणूस मिळाला. बायका तिला म्हणाल्या, रड गं माय, मोकळी हो. तिला रडू आलं नाही. दहाव्याला आलं नाही, तेराव्याला आलं नाही. मुलगा माऊली बीडला टेम्पो चालवायचा, तो आला, चार दिवस राहिला, आईच्या तोंडाकडं बघत बसला आणि गेला. सून रोहिणी मागं राहिली.

उज्ज्वलाचे नेम चालूच होते. एकादशी, शनिवार, चतुर्थीला लिंबागणेशचा गणपती. सकाळी नदी. हात पाणी घालायचे, वात लावायचे, जोडले जायचे. पूर्वी डोळे मिटले की पोटात काहीतरी निवायचं. आता डोळे मिटले की नुसतं मिटलेलं असायचं. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. देवाला कळलंच असेल, तिला वाटायचं.

उन्हाळा लागला आणि मारुतीच्या सभामंडपात गाव जमलं. नदी रुंद करायची, खोल करायची, म्हणजे पुन्हा पाणी रानात शिरायचं नाही, असं काम मंजूर झालं होतं. सांगायला विठ्ठलराव उभे होते. उज्ज्वलाचे चुलत दीर. गावात त्यांचा शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता. पुरानं त्यांच्या रानातली काळी माती खरडून नेली होती, खाली नुसता मुरूम राहिला होता.

"नदीला जागा पायजे," ते म्हणाले. "तिला जागा दिली न्हाई तर ती आपली आपण घेती, हे आपण बघितलंय. मळई सगळी निघंल. बाभळी निघतील, झाडं निघतील. कुणाला काय बोलायचं असंल तर आत्ता बोला, मागून कुरकुर नको."

बायकांच्या बाजूला उज्ज्वला बसली होती. ती उभी राहिली तसे सगळे तिच्याकडं वळून बघायला लागले. पुरानंतर ती चारचौघांत बोललीच नव्हती.

"भाऊजी," ती हळू म्हणाली, "आसरांचं झाड तेवढं ठेवा."

"वैनी, हे काय सांगणं झालं? देवाच्या झाडाला कोण हात लावतंय? उंबर ठेवला. लिहून घ्या रं, उंबर ठेवला."

लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांना बरं वाटलं. उज्ज्वलालाही, निदान घरी जाईपर्यंत, आपण काहीतरी केलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती तांब्या घेऊन मळईत उतरली तर आठ झाडांच्या कमरेला चुन्याचे पांढरे पट्टे ओढलेले होते. उंबर तेवढा कोरा. मोठ्या करंजावरही पट्टा होता, अगदी मुळ्यांच्या वर. तिनं उंबराला पाणी घातलं. मग पट्टे मोजले. आपण मागायला गेलो आणि एकच मागितलं, हे तिला तेव्हा कळलं. तिला वाटलं होतं आसरांचं झाड म्हणजे सगळीच. लग्न होऊन आल्यापासून ती आसरांना जाते असं म्हणायची ते सगळ्या राईला धरून. गावानं देव बसलाय तेवढंच धरलं.

त्या चतुर्थीला लिंबागणेशला जाताना गाडी एका पुलावर थांबली. खाली नदीचं असंच काम होऊन गेलेलं. दोन्ही काठ सुरीनं कापल्यासारखे सरळ, आणि मधोमध मातीच्या एका उंचवट्यावर एकटा पिंपळ. त्याच्या पारावर कुणीतरी झेंडा लावला होता. उंचवट्याची एक बाजू ढासळली होती आणि मुळ्या हवेत लोंबत होत्या. पिंपळ एका अंगाला कलला होता.

"पडतंय आता हे," शेजारची बाई म्हणाली. "सोबतीला दुसरं झाडच न्हाई, धरंल कुणाला?"

उज्ज्वला परत आली ती तशीच विठ्ठलरावांच्या अंगणात गेली. ते खाटेवर चहा पीत होते. त्यांच्या आई सुंदरबाई उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या.

"भाऊजी, सगळीच ठेवा. एकटा उंबर राहायचा न्हाई."

विठ्ठलरावांनी कप खाली ठेवला. "आता कसं वैनी? तुमी एक मागितलं, आमी एक दिलं. समद्या गावापुढं बोललाव. आता तुमाला आठ आणखी दिली तर उद्या दुसरं कुणी म्हणंल माझी बाभूळ ठेवा."

"बाभळीचं मी म्हणत न्हाई."

"रामकिसनला त्या मुळ्यांतून म्याच काढलं. ह्या हातांनी. मला काय माया न्हाई का?" त्यांचा आवाज चढला आणि मग उतरला. "पण मायेनं रान भरून निघत न्हाई. परवा मशीन येतंय."

सुंदरबाई लसूण सोलत राहिल्या.

भर दुपारी आसरा पाण्यातून वर येतात आणि त्या वेळी नदीवर आलेल्या माणसाला धरतात, असं गाव मानतं. त्यामुळे बाराच्या उन्हात मळईत चिटपाखरू नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी उज्ज्वला त्याच वेळी खाली उतरली. मौन सकाळीच सुटलेलं होतं. उंबराखाली बसून तिनं पदर खोचला आणि हात जोडले.

"आई, तुमाला वेगळं करते," ती म्हणाली. "बहिणी-बहिणींना. माझ्याकडं दुसरं काही न्हाई."

बसवलेला देव हलवायचा नसतो. हलवणाऱ्याला दोष लागतो, आणि तो घरावर येतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आपसूक माहीत होतं. पहिल्या गोट्याला हात घालताना भीती वाटेल, अंगावर काटा येईल, असं तिला वाटलं होतं. आला असता तर बरं झालं असतं. गोटा मातीतून सहज सुटला, खाली किडे होते, ते पांगले. ती गोटा पोटाशी धरून निघाली. दळणाचा डबा न्यावा तशी.

सात बहिणी, नऊ झाडं. एक जण उंबराखालीच ठेवायची, म्हणजे उरल्या सहा. दोन झाडं सोडावी लागणार होती. पात्राच्या तोंडावरचा सादडा आणि जांभळीचं झाड तिनं सोडलं. ती सगळ्यात पुढं होती, मशीन आधी तिथंच येणार. हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही, आणि याच गोष्टीचं तिला पुढं नवल वाटत राहिलं. नवी नवरी असताना त्याच जांभळीखाली पडलेली जांभळं तिनं सासूला चोरून खाल्ली होती आणि जिभेवरून पकडली गेली होती.

मोठ्या करंजाखाली गोटा बसवताना मागून आवाज आला.

"बाई, देवाची बदली करायलाव का?"

सिदू मेंढक्या सादड्याच्या सावलीत आडवा झाला होता. भोवती मेंढरं माना खाली घालून उभी होती.

"तू इथं कावून आलास? दुपारचं?"

"मला आसरा धरत न्हाईत. माझ्या अंगाला मेंढराचा वास हाय, त्या नाक धरून पळत्यात." तो उठून बसला, डोकं खाजवत तिच्याकडं आणि गोट्याकडं बघत राहिला. चेष्टेचा सूर गेला. "बाई, हे लई वंगाळ काम हाय."

"माहीत हाय."

"मी कुणाला सांगायचो न्हाई."

"मी सांग म्हटलं न्हाई आणि सांगू नको असंबी म्हटलं न्हाई," उज्ज्वला म्हणाली आणि पुढचा गोटा आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन ती उतरली तेव्हा मळईत माणसं जमली होती. सादडा आडवा पडला होता. जांभळीचं झाडही. कटरवाल्यांनी उजाडताच ती बुडापासून कापली होती आणि ओल्या लाकडाचा वास सगळीकडं भरला होता. पोकलेन मोठ्या करंजापासून चार हातांवर बंद उभं होतं. त्याचा चालक जीवन, आष्टीकडचा तरुण माणूस, खाली उतरून विठ्ठलरावांशी बोलत होता.

"मी न्हाई लावायचो बकेट. तुमी म्हणलाव एक झाड देवाचं हाय. इथं तर पट्टा मारलेल्या झाडांखाली शेंदराचा गोटा हाय. म्या सहा मोजले."

"काल न्हवते बे ते!"

"मंग तर मुळीच न्हाई लावायचो."

बायका पदर सावरून हात जोडत होत्या. कुणी म्हणत होतं आसरा उठल्या, कुणी म्हणत होतं कोप झाला. सिदू गर्दीच्या मधोमध होता आणि त्याला आवरत नव्हतं.

"म्या सोता बघितलं. दुपारचं. हिरव्या साड्या नेसलेल्या, एकामागं एक चालत गेल्या. आपापलं झाड धरून बसल्या. माझं एक मेंढरू तवापासून चारा खात न्हाई."

"तू दुपारी नदीवर काय करायलतास?" कुणीतरी ओरडलं.

"झोपलतो."

"मंग बघितलं कसं?"

"एका डोळ्यानं झोपलतो."

लोक हसले, पण दबून. तेवढ्यात उज्ज्वला दिसली आणि वाट मोकळी झाली. विठ्ठलराव पुढं झाले.

"वैनी, तुमी रोज येता. हे काय हाय?"

तिनं तांब्याकडं बोट दाखवलं. पाणी अजून घातलेलं नव्हतं. विठ्ठलरावांनी कपाळाला हात लावला आणि बाजूला झाले. थांबण्यावाचून इलाज नव्हता.

ती उंबराकडं गेली. थोडं पाणी घातलं, वात लावली, हात जोडले. तिथून पुढच्या झाडाकडं. तांब्या एक आणि जागा सात, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच तिला पाणी पुरवून घालावं लागत होतं. सगळं गाव तिच्या मागं हलत होतं, ती थांबली की थांबत होतं. गप राहिलं की काम होतंय, हे तिला दिसत होतं. सिदूची गोष्ट गावानं उचलली होती. आणखी थोडी गप राहिली तर झाडं उभी राहतील, सकाळची पूजाही तिच्याकडंच राहील. खरं सांगितलं तर गोटे परत उंबराखाली जातील आणि संध्याकाळपर्यंत करंज आडवा होईल. ती हा सगळा विचार करत होती, पण दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकावं तसा.

करंज शेवटचा होता. तांब्यातले उरलेले चार थेंब तिनं गोट्यावर निथळले. नेम पुरा झाला.

"आता बोला," विठ्ठलराव म्हणाले. "ह्या गोट्यावर हात ठेवून बोला वैनी. आसरा हलल्या का हलवल्या?"

तिनं हात ठेवला. गोटा ओला आणि गार होता.

"मी हलवल्या," ती म्हणाली. "सिदू खोटं बोलतो. काल दुपारी मी एकेक करून नेल्या. दोष माझा हाय."

सिदूनं मान खाली घातली. बायकांमधून एक आवाज आला, श्वास आत ओढल्यासारखा. रोहिणीनं सासूचा दंड धरला. विठ्ठलराव जीवनकडं वळले.

"ऐकलंस ना? देव बीव काय न्हाई. वैनीनं नेऊन ठेवल्यात. चढ मशीनवर."

"आधी ते उचलून घ्या," जीवन म्हणाला. "जिथले तिथं ठेवा. मंग चढतो."

"उचल रं कुणीतरी."

कुणी पुढं आलं नाही. बायकांमधून वाट काढत सुंदरबाई पुढं आल्या. काठी टेकत. मुलाच्या समोर येऊन थांबल्या.

"तूच उचल की विठ्ठल."

"आई, तू मधी नको पडू."

"मी कुठं पडायले? हलवल्या तिनं, दोष तिचा. खरं हाय. पण आता त्या बसल्या. आज पूजा झाली त्यांची, आपल्या समद्यांदेखत. आता जो उचलील, त्याचा दोष त्याचा. उचल. तुझी दोन पोरं हायत, ती आठव आणि उचल."

विठ्ठलराव खाली वाकले. खरंच वाकले. हात गोट्याच्या अगदी जवळ गेला. करंजाच्या मुळ्या तिथंच होत्या, जाड, एकमेकींत अडकलेल्या, पुराच्या गाळानं अजून पांढुरक्या. ते तसेच वाकून राहिले आणि मग गुडघ्यावर हात देऊन सरळ झाले.

"खालच्या अंगानं लाव मशीन," ते जीवनला म्हणाले. "हितून वळण ठेव." आणि कुणाकडंही न बघता रानाच्या दिशेनं चालायला लागले.

लोक पांगायला लागले. सुंदरबाई मात्र हलल्या नाहीत.

"उज्ज्वले," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ज्या हातानं देव हलवला तो हात आता त्यांना लागायचा न्हाई. तुला माहीत हाय."

"माहीत हाय, आत्या."

"पाणी तुझी सून घालील."

"व्हय."

"तू लांब बसायचं."

"व्हय," उज्ज्वला म्हणाली. रिकामा तांब्या तिनं रोहिणीच्या हातात दिला. हात मोकळे झाले आणि त्यांचं काय करावं हे तिला कळेना. शेवटी तिनं ते पदराखाली घेतले.

रोहिणी आता रोज पहाटे उठते. नेम तिला जड जातो. पहिल्या दिवशी निम्म्या वाटेत तिला फोन आला आणि ती बोलली. मग घाबरून मागं सासूकडं बघितलं. उज्ज्वलानं मान हलवली, चालायचंच अशी. ती स्वतः सुनेच्या मागून येते. आंघोळ झाल्यावर तिचंही तोंड आपोआप बंद होतं, कितीतरी वर्षांची सवय. पण आता एक अडचण झाली आहे. पाणी घालेपर्यंत बोलायचं नाही आणि पाणी तर घालायचं नाही. मग मौन सोडायचं कधी? विचारायला तिची सासू राहिली नाही. पहिले काही दिवस ती दुपारपर्यंत गप राहिली. रोहिणी म्हणाली, "आत्या, आता बोला की." तिला काय बोलावं ते सुचलं नाही.

ती मळईच्या कडेला बसते. सादड्याचा बुंधा मशीननं उपटून नेला, जांभळीचा तेवढा राहिला. काम पुढं सरकलं. पोकलेनचा आवाज आता लांबून येतो, खालच्या वळणावरून. समोर सात झाडं उभी आहेत. सिदूची मेंढरं त्यांच्या सावलीत असतात. सिदू तिच्याशी अजून बोलत नाही. चारचौघांत खोटा पाडला म्हणून. पण रोज सकाळी मेंढरं वाटेतून बाजूला काढतो.

रोहिणी झाडाखालून झाडाखाली जाते. तिचा हात सैल आहे, पहिल्या झाडालाच निम्मा तांब्या ओतते. नंतर तिच्या लक्षात येतं आणि पुढच्या झाडांना ती थेंब थेंब घालते, इतकं जपून की आज करंज झाला तरी पाणी उरलं.

"आत्या, थोडं उरलंय. आता परत कुठल्या गोट्याला घालू?" तिनं लांबून विचारलं.

उज्ज्वलानं हात पुढं केला. रोहिणीनं तांब्या दिला. उज्ज्वला उठली, चार पावलं चालून जांभळीच्या बुंध्यापाशी गेली. कापलेल्या लाकडावर भुसा वाळून चिकटला होता, मुंग्यांची एक रांग त्यावरून चालली होती. इथं कुणी देव नव्हता. इथं हात लावायला कुणाची मनाई नव्हती. तिनं तांब्या वाकडा केला. पाणी लाकडावर पडलं, वर्तुळा-वर्तुळांतून पसरलं आणि कडेनं खाली मातीत उतरलं. मुंग्या पांगल्या आणि थोड्या वेळानं पुन्हा रांगेला लागल्या.

पाणी संपेपर्यंत ती बघत राहिली. मग तांब्या पालथा करून झटकला.

"चल," ती म्हणाली. "ऊन झालं."